शेड रिकामं झालं की

(कोंबड्यांच्या शेडला लागून असलेल्या घराची पडवी. सकाळ उलटून गेलेली. वहिनी गहू चाळते आहे. तिची नणंद, जिला पन्नाशीतही घरात सगळे बेबीच म्हणतात, नुकतीच येऊन उभी आहे.)

बेबी : बसते नंतर. आधी आईला भेटू दे.

वहिनी : आंघोळीला बसल्यात. त्यांची आंघोळ म्हणजे अर्धी सकाळ. तू बस. बॅग खाली ठेवू नकोस पण, त्या खिळ्याला अडकव. खाली ठेवलीस तर जाताना चार भुंगेरे तुझ्याबरोबर फुकट प्रवास करतील.

बेबी : अगंबाई. ही उंबऱ्यापाशी ओळ लागलीय ती भुंगेऱ्यांची? मला वाटलं काळे तीळ सांडलेत.

वहिनी : थोडा वेळ बघत राहा. चालायला लागले की तीळ नाहीत.

बेबी : तुला चेष्टा सुचतेय. आईचा फोन आला तेव्हापासून मी धड जेवलेले नाही.

वहिनी : फोन? आईंचा?

बेबी : परवा. म्हणाली, इथे किड्यांनी जगणं नकोसं केलंय, मला घेऊन जा.

वहिनी : असं म्हणाल्या? मला घेऊन जा?

बेबी : याच शब्दांत. वर म्हणाली, कानात किडा गेला, डॉक्टरकडे नेऊन काढावा लागला. एवढं झालं आणि मला एका शब्दाने कळवलं नाहीस तू. दादाने पण नाही.

वहिनी : डॉक्टरकडे कोणी नेलं म्हणाल्या?

बेबी : तूच नेलं असशील ना. दुसरं आहे कोण?

वहिनी : हो. दुसरं आहे कोण. चाळणी धर जरा, हात भरून आलाय माझा.

बेबी : दे. दादा कुठेय?

वहिनी : शेडमध्ये. तू फाटकातून येताना दिसलीस आणि त्यांना एकाएकी भिंतीवर डाग दिसला. तेव्हापासून धुतलेली भिंत परत धुतायत. आपलं बोलणं संपेपर्यंत भिंत संपणार नाही.

बेबी : तो तसाच. घरात कोणी आवाज चढवला की त्याला लगेच काहीतरी काम आठवायचं, लहानपणापासून. वहिनी, एक विचारू? रागावायचं नाही.

वहिनी : रागवायला अंगात जोर लागतो. विचार.

बेबी : घर नीट झाडता ना तुम्ही?

वहिनी : झाडते. तिथेच तर चुकलं.

बेबी : म्हणजे?

वहिनी : म्हणजे असं बघ. बॅच तयार झाली, कंपनीचा ट्रक येऊन कोंबड्या घेऊन गेला. मागे शेडमध्ये राहते ती गादी. भाताच्या तुसाची, त्यांनी तुडवून तुडवून बसवलेली. हे काळे त्या गादीत राहतात. वर कोंबड्या असतात, खाली ऊब असते, सांडलेलं खाद्य असतं. सोडून कशाला जातील? तो सुपरवायझर दर वेळी कानीकपाळी ओरडतो, ताई, ट्रक गेला की गादीला हात लावायच्या आधी कडेकडेने औषध मारा. शेड गार होऊ देऊ नका. आधी झाडलंत तर ते भिंत चढतील, छतात घुसतील, नाहीतर शेजाऱ्याकडे जातील.

बेबी : शेजारी तर कोणीच नाही इथे.

वहिनी : आपण आहोत ना.

बेबी : मग तो एवढं सांगतो तर तसं का करत नाहीस?

वहिनी : पटतच नाही गं मला. घाणीवर औषध मारायचं म्हणजे आंघोळ न करता पावडर फासण्यासारखं. आजवर माझ्या नकळत तुझा दादा आधी मारून यायचा. या खेपेला ते तूस आणायला गेले होते आणि मी ट्रकची धूळ खाली बसायच्या आत झाडू घेतला. कोपरा न् कोपरा खरवडला. शेड असं लख्ख केलं की तिथे बसून जेवावं. आणि ते सगळे तिथून उठले ते इकडे. आधी आईंच्या खोलीत, मग त्यांच्या खोलीतल्या गव्हाच्या पिंपात, मग डाळीत. छतात किती आहेत ते मी वर बघतच नाही.

बेबी : म्हणजे स्वच्छतेने किडे झाले.

वहिनी : माझ्या स्वच्छतेने. तुझा दादाही तेच म्हणाला, एवढी झाडलोट केली नसतीस तर बरं झालं असतं. सगळा संसार झाला, आणि नवऱ्याने पहिला ठपका ठेवला तो झाडू मारण्याचा.

बेबी : हसू नये, पण हसू येतंय.

वहिनी : हस. मला परवा हसता हसता रडू आलं होतं, म्हणून मी थांबलेय. पिठाचा डबा उघडला तर पीठ आपलं आपण हलत होतं. आता हे पिंपातले गहू चाळून झाले की उन्हात टाकायचे, मग पिंप पुसायचं, मग डाळी. तोवर इकडचे तिकडे जातात. साध्या सोंड्याचं तरी बरं, तो बिचारा गव्हात जन्मतो, गव्हातच मरतो. हे उपरे घरभर हिंडतात.

बेबी : आणि अशा खोलीत आई झोपते. या वयात. अंथरुणात किडे.

वहिनी : खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेत मी. झोपायच्या आधी अंथरूण झटकते, उशी झटकते, त्यांच्या कानात कापूस घालते. सकाळी कापूस काढते. बेबी, त्यांच्या कानात किडा गेलेला नाही.

बेबी : गेलेला नाही म्हणजे?

वहिनी : डॉक्टर नाही, किडा नाही, काही नाही. तुला वाटतं त्या घाबरतात किड्यांना? चिमटीत धरतात आणि खिडकीबाहेर सोडतात. किंचाळते ती मी.

बेबी : मग आई खोटं बोलली?

वहिनी : फोन तुला आला होता.

बेबी : तू माझ्याकडे का अशी बघतेस? मी काही शिकवून ठेवलं नव्हतं तिला.

वहिनी : तुझ्याकडे बघत नाहीये. मी काय कमी केलं ते बघतेय. जेवण वेळेवर असतं. औषधं मी देते. पाय दुखले की तेल लावते. काल केस धुतले त्यांचे, तेव्हा हसत होत्या, माझ्या आईची आठवण काढत होत्या. आणि त्याच्या आदल्या दिवशी तुला फोन. मला सांगायचं होतं ना तोंडावर, मला इथे राहायचं नाही म्हणून.

बेबी : राहायचं नसेल तर किड्यांचं निमित्त कशाला करील? आईला निमित्त लागतं का कधी? मला हाकलायचं असलं तर सरळ जा म्हणते.

वहिनी : तेच तर मला कळत नाही. नेणार का तू त्यांना?

बेबी : नेणार म्हणून तर आले.

वहिनी : ठेवशील कुठे?

बेबी : हॉलमध्ये दिवाण आहे. आतली खोली मुलाची आणि सुनेची, तिचे आता दिवस भरत आलेत. आम्ही दोघं खाली गादी टाकतो. होईल काहीतरी.

वहिनी : तिसरा मजला ना तुमचा?

बेबी : खुर्चीत बसवून नेऊ वर. चौघं जण लागतील, ते मिळतील.

वहिनी : आणि खाली?

बेबी : खाली कशाला यायचंय तिला.

वहिनी : हं.

बेबी : हं करू नकोस. मला कळतंय मी काय बोलले ते. वहिनी, खरं सांगू? येताना बसमध्ये मी सारखी मनात म्हणत होते, वहिनीने नाही म्हणावं. वहिनीने भांडावं माझ्याशी, म्हणावं, माझ्या सासूला कोण नेतं ते बघतेच मी. मग मी थोडी रडारड करीन, चहा घेईन आणि एकटीच परत जाईन. मुलगी आहे मी तिची आणि हे असं म्हणत होते.

वहिनी : भांडण्याचं त्राण नाही माझ्यात.

बेबी : ते तुला बघताक्षणी कळलं.

आई : बेबी आली का गं? आवाज आला म्हणून लवकर आटोपलं.

बेबी : ये, आई. हळू, उंबरा आहे. हात दे.

आई : उंबरा मला माहीत आहे. तुझ्यापेक्षा जुना आहे. बॅग मोठी आणलीस ना? साड्या काढून ठेवल्यात मी. शाल राहू दे, तुमच्याकडे उकडतं.

वहिनी : आई, इथे बसा. खुर्चीवर. एक सांगा मला, कानात किडा कधी गेला?

आई : गेला होता.

वहिनी : कुठल्या कानात?

आई : उजव्या.

वहिनी : आणि डॉक्टरकडे कोणी नेलं तुम्हाला? पायात चप्पल कोणी घातली?

आई : आता चपलेपर्यंत कशाला जातेस. मला जायचंय बेबीकडे. म्हाताऱ्या माणसाला कुठे जावंसं वाटू नये का?

बेबी : आई, सरळ सांग ना. वहिनीचं काही लागलं का तुला?

आई : हिचं काय लागायचंय. ही काही बोलते का कधी.

वहिनी : मग जेवणाचं काही? ह्यांचं काही? ह्यांनी आवाज चढवला का?

आई : त्याने? त्याला कुठे आवाज आहे.

वहिनी : मग मी काय केलं ते सांगा. मला माझी चूक कळायला नको का? दिवसभर तुमच्याभोवती फिरते, आणि तुम्ही गुपचूप फोन करून लेकीला बोलावता. लोक काय म्हणतील ते जाऊ दे. मला काय वाटेल याचा विचार नाही केलात?

आई : तुझाच विचार केला.

वहिनी : माझा?

आई : नको विचारूस. जाऊ दे मला. किड्यांमुळे गेले म्हणून सांग सगळ्यांना. चांगलं कारण आहे ते. कोणाला लागत नाही.

बेबी : आता तर सांगावंच लागेल तुला.

आई : माझ्या खोलीची मागची भिंत म्हणजे शेडची भिंत. हो ना? मधे वीटसुद्धा धड नाही.

वहिनी : हो.

आई : कोंबड्या असल्या की पलीकडचं काही कळत नाही. तो कलकलाट. तू आत गेलीस, कडी लावलीस, एवढं कळतं. मग तासभर कोंबड्याच. तरी मला अधूनमधून वाटायचं की तू त्यांच्याशी बोलतेस. बोलतेस ना?

वहिनी : बोलते कधीकधी. कोणीतरी हवं ना बोलायला.

आई : हवंच. त्या दिवशी ट्रक गेला आणि तू झाडू घेऊन आत शिरलीस. शेड रिकामं. वर पत्रा. साधी खोकलीस तरी माझ्या उशीशी ऐकू येत होतं. आणि तू झाडता झाडता बोलायला लागलीस. रोजच्यासारखी.

बेबी : काय बोलली?

वहिनी : काही नाही. ते मी कोंबड्यांना म्हणत होते.

आई : कोंबड्या गेल्या होत्या गं.

बेबी : वहिनी? काय म्हणालीस तू?

वहिनी : चाळणी ठेव खाली. ठेव. सांगते. मी म्हणाले, किती वर्षं अजून. आई सुटल्या तर मी पण सुटेन. असं म्हणाले मी. एकदा नाही. झाडून संपेपर्यंत म्हणत होते.

बेबी : वहिनी.

वहिनी : खोटं नाही बोलणार आता. म्हणाले ते म्हणाले. कोंबड्यांच्या आवाजात आजवर काय काय बोलले असेन देव जाणे. त्याच्यावरच चाललंय माझं. आत जायचं, कडी लावायची, मन मोकळं करायचं, बाहेर येऊन तुम्हाला चहा द्यायचा. सवयच लागली तोंडाला. शेड रिकामं आहे हे डोळ्यांना दिसत होतं, तोंडाला कळलं नाही. आई, तुम्ही ऐकलंत. हे तुम्ही ऐकायला नको होतं.

आई : रडू नकोस. मला बोलू दे. तू काय म्हणालीस ते बेबीला परत सांग. शब्द सांग नीट.

वहिनी : कशाला, आई.

आई : मी सांगते. ही म्हणाली, आई सुटल्या तर. सुटल्या. बेबी, ऐकतेस ना? एकटी होती. दार बंद. रागाने झाडू आपटत होती. माझ्या मरणाचं बोलत होती, आणि तरी सुटली म्हणाली नाही. म्हातारी म्हणाली नाही. सुटली म्हणाली असती ना, तर मी भांडले असते. पाय रोवून बसले असते इथेच, आणि मुद्दाम शंभरी गाठली असती. पण सुटल्या म्हणाली. मग मी रात्रभर विचार केला. म्हटलं, कोणी ऐकायला नसतानासुद्धा जी मान देते, तिच्या जिवावर किती दिवस बसायचं.

बेबी : म्हणून मला फोन.

आई : म्हणून तुला फोन. आणि किड्यांचा बहाणा आयताच होता. घरभर होते.

वहिनी : तुम्हाला राग नाही आला?

आई : आला की. सकाळपर्यंत होता. मग मला माझी सासू आठवली. मी गिरणीत दळण घेऊन जायचे ना, तर पट्टा सुरू झाला की त्या घरघरीत तिला मनसोक्त शिव्या द्यायचे. गिरणीवाल्याला वाटायचं मी गाणं म्हणते. आणि मी काही सुटल्या-बिटल्या म्हणत नव्हते. एकेरीवरच होते.

बेबी : आई, तू?

आई : मग काय. दळण बारीक यायचं माझं. मी दोन पायल्यांच्या जागी तीन न्यायचे, वेळ मिळावा म्हणून.

वहिनी : आई, मी दमलेय. तुमच्यावर राग नाही असं नाही म्हणत. असतो कधीकधी. तुम्ही हाक मारलीत की मनात येतं, आता काय. पण तुम्ही त्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन दिवाणावर बसून राहणार, ते मला सहन व्हायचं नाही. दोन्ही खरं आहे. काय करू मी?

आई : दिवाण अरुंद आहे का गं, बेबी?

बेबी : अरुंद आहे, आई. आणि मला तुला न्यायचं नव्हतं. म्हणजे न्यायचं होतं, पण तू येऊ नयेस असंही वाटत होतं. आता वहिनीने सांगितलं तर मी तरी कशाला लपवू.

आई : ते मला फोनवरच कळलं. बरं म्हणायच्या आधी किती वेळ थांबलीस तू. कान चांगले आहेत माझे. काही गेलेलं नाही त्यांत.

बेबी : हसतेस काय. मला लाज वाटतेय.

आई : वाटू दे थोडी. मग ऊठ आणि कामाला लाग. शेड रिकामं असतं तेवढेच दिवस हिला मोकळे. तेव्हाही ही घर धुवत बसते. तू तेव्हा येत जा. दर खेपेला. बॅच गेली की फोन करीन, तू यायचंस माझ्यापाशी, आणि हिने जायचं कुठेतरी. मला कुठे हलवू नका. नेण्या-आणण्यातच मरेन मी.

बेबी : दर खेपेला? माझ्या घरी सुनेचं...

आई : बाळंतपण असेल त्या खेपेला दोन दिवस उशिरा ये. तेवढं मी थांबेन.

बेबी : बरं.

आई : आता बरं म्हणायला नाही थांबलीस.

बेबी : नाही. येईन मी. आणि आज राहतेच. वहिनी, ऐकलंस ना? तू जा कुठेतरी. आज निघ, उद्या निघ.

वहिनी : औषध मारायचंय अजून. नवं तूस पसरायचंय. पिल्लं यायच्या आत शेड ऊबदार करायचं असतं.

बेबी : ते दादा करील. भिंत धुऊन हात चांगले मोकळे झालेत त्याचे. तू सांग, कुठे जायचंय?

वहिनी : कुठे जाऊ? माझी आई गेल्यावर माहेर संपलं. बहिणीकडे गेले तर तिच्या घरीही स्वयंपाकघरातच जाईन, हात स्वस्थ बसायचे नाहीत. काही सुचतच नाही बघ. कुठे जावंसं वाटतं, हे इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही, मीही नाही. मला नुसतं आडवं व्हायचंय.

आई : मग हो आडवी. माझ्या खाटेवर जा. खोली गार आहे.

वहिनी : तुमच्या खाटेवर?

आई : चादर सकाळीच बदललीस तू. जा.

वहिनी : गहू अर्धे राहिलेत. ऊन चाललंय.

बेबी : मी आहे ना. आई दाखवेल.

वहिनी : जेवणाचं?

आई : एक दिवस माझा मुलगा करील पोळ्या. जशा होतील तशा. जा गं, ऊठ.

वहिनी : पाच मिनिटं पडते. पाचच मिनिटं. आई, काही लागलं तर हाक मारा. दार लोटत नाही मी.

आई : नाही मारणार. बेबी, पिंप इकडे ओढ. आवाज न करता. चाळणी थोडी तिरकी धर, अशी. नुसती हलव, आपटू नकोस.

बेबी : हे जिवंत आहेत अजून, आई. चाळणीवर चढतायत. मागे घे पाय.

आई : चढू दे. तू चाळ.

बेबी : वहिनी, ते औषध कुठे ठेवलंय गं? वहिनी?

आई : हळू बोल. झोपल्यात त्या.